मृदाशास्त्र शिकलेल्या मुलीने समुद्राच्या प्रकल्पाला अर्ज करावा का? (समुद्र आजवर एकदाच पाहिलाय)

गोदाकाठची_मृदा

नमस्कार. प्रश्न लांबलाय, आधीच माफी मागते.

मी परभणीच्या कृषी विद्यापीठातून मृदाशास्त्रात एम.एस्सी. केलंय. गाव गंगाखेड तालुक्यात, गोदावरी घरापासून चालत वीस मिनिटं. शेत काळं, भारी. उन्हाळ्यात अशा भेगा पडतात की लहानपणी माझी एक चप्पल आत गेली ती गेलीच. माझा प्रबंध काळ्या मातीतल्या पोटॅशवर होता. सध्या घरी बसून स्पर्धा परीक्षेचे अर्ज भरायलेय, म्हणजे गावातली सगळीच पोरं जे करायलीत ते.

मागच्या आठवड्यात मैत्रिणीनं एक जाहिरात पाठवली. पूर्व किनाऱ्यावरच्या एका संस्थेत गोदावरी आणि बंगालचा उपसागर यांवरचा तीन वर्षांचा प्रकल्प आहे. पात्रतेत लिहिलंय: सागरी विज्ञान, भूगर्भशास्त्र, रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, संख्याशास्त्र किंवा मृदाशास्त्र. ते शेवटचं मी तीनदा वाचलं. चुकून छापलं असेल असंच वाटलं.

समुद्र मी एकदाच पाहिलाय. दहावीच्या सहलीत, अलिबागला, तोही ओहोटीचा. पोहता येत नाही. एस.टी.त खिडकीजवळ बसले नाही तर उलटी होते.

मामा कृषी सहायक आहेत. ते म्हणतात, "समुद्राला माती कशाला लागते? तुला तिथं बाटल्या धुवायला ठेवतील." आईचा प्रश्न वेगळाच, पोरगी बोटीवर राहणार म्हणजे काय. अण्णा काही बोलले नाहीत. परवा बांधावर बसल्या-बसल्या एवढंच म्हणाले, "आपली माती तिकडंच गेलीय की गं. बघून ये कुठं जाऊन बसली ते." गमतीनं म्हणाले, पण तेव्हापासून डोक्यात तेच फिरायलंय.

जाणकारांना विचारायचंय, इतक्या वेगवेगळ्या विषयांची माणसं एका प्रकल्पात नेमकं काय करतात? खरंच मिळून काम करतात, की ज्याचं त्याचं टेबल आणि शेवटी अहवालाला एकच पुठ्ठा? आणि त्यात मातीवाल्या माणसाला काही किंमत असते का?


कोरडवाहू

ताई, राग मानू नका, पण आपल्या भागातल्या शिकलेल्या लेकरांनी समुद्राचं बघायचं आणि इथलं कोण बघणार? २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. मी तेव्हा लातूरला शिकायला होतो, घागरीची रांग पाहिलीय. तुम्ही काळ्या मातीवर शिकलात, ती इथंच वापरा. माती वाहून गेली ती गेली. समुद्रात तिचा हिशेब करून काय वापस येणार आहे? आमच्या तलावातला गाळ उपसायला माणूस मिळंना आणि तुम्ही समुद्रातला मोजायला निघालात.

बाकी निवड झाली तर अभिनंदनच.


गाळवाला

ताई, मामांच्या बाटल्यांपासूनच सुरू करतो, कारण ते खोटं बोलले नाहीत. पहिले चार महिने मी बाटल्याच धुतल्या. पातळ आम्लात रात्रभर ठेवायच्या, मग शुद्ध पाण्यानं पाच-सहा वेळा विसळायच्या. आत बोटाचा घाम राहिला तरी पुढचा आकडा बिघडतो. म्हणून हे काम नव्या माणसाला देतात आणि तो ते कसं करतो यावर लांबून डोळा ठेवतात.

मी माजलगावकडचा. भूगर्भशास्त्र शिकलो, किनाऱ्यावर नोकरीला लागलो त्याला चौदा वर्षं झाली. काम एकच, समुद्रतळाचा गाळ. गावाकडं अजून सांगतात, "पोरगा समुद्रात मातीकाम करतो." रोजगार हमीवर असल्यासारखं.

अण्णांचं वाक्य गंमत म्हणून सोडून देऊ नका. तेच वाक्य घेऊन लोकांनी मोठमोठी संशोधनं केलीत. २००६ साली भारताच्या गॅस हायड्रेट मोहिमेसाठी 'जॉइडेस रेझोल्यूशन' नावाचं खोदकामाचं जहाज कृष्णा-गोदावरीच्या मुखांसमोर आलं होतं. शोध इंधनाचा होता, समुद्रतळाखाली बर्फात अडकलेल्या मिथेनचा. पण तळाला भोक पाडलं की गाळाचा लांब दंडगोल वर येतोच. गोदावरीच्या तोंडासमोर, हजार मीटरहून खोल पाण्यातून आलेला असाच एक दंडगोल अमेरिकेतल्या वूड्स होल संस्थेच्या कामिलो पोंटन, लिव्हिउ जोसान वगैरे मंडळींनी वाचायला घेतला. खालचा गाळ जुना, वरचा नवा. सगळा मिळून दहा हजारांहून जास्त वर्षांचा. म्हणजे गोदावरीनं आपल्याकडून नेलेल्या मातीची खतावणीच म्हणा.

आता ती खतावणी एकट्याला वाचता येत नाही, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथंच आहे. गाळात एकपेशीय जीवांची चुन्याची कवचं असतात, फोरॅमिनिफेरा म्हणतात त्यांना. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक ब्रशाच्या ओल्या टोकानं ती एकेक उचलायची. त्यांच्या कार्बनवरून वय निघतं आणि ऑक्सिजनवरून त्या काळी समुद्रात गोडं पाणी किती येत होतं याचा अंदाज येतो. हे काम सूक्ष्मजीवाश्मवाल्याचं. मग रसायनवाला त्याच गाळातून पानांवरचं मेण वेगळं काढतो. पान कुजतं, मेण मात्र नदीतून वाहत जाऊन हजारो वर्षं टिकतं. ज्वारी, ऊस आणि माळावरची बहुतेक गवतं यांच्या मेणातला कार्बन एका तऱ्हेचा असतो, साग, बाभूळ, तूर यांचा दुसऱ्या तऱ्हेचा. त्यावरून कळतं, खोऱ्यात झाडोरा होता की गवत. त्या मंडळींना दिसलं ते असं: सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपासून कोरड्या हवेत तगणाऱ्या वनस्पती वाढत गेल्या, १,७०० वर्षांपूर्वीपर्यंत वाढत राहिल्या आणि पुढं तशाच टिकल्या. त्या चमूत डोरियन फुलर हेही होते. जुन्या वस्त्यांच्या राखेतले जळके दाणे तपासणारे पुरातत्त्वज्ञ. समुद्राच्या शोधनिबंधात जळक्या दाण्यांचा माणूस! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही तुमच्यासारखं चुकून छापलंय असंच वाटलं होतं.

पुढं २०१७ मध्ये त्याच दंडगोलावरून धुपीचा हिशेब आला. दख्खनचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, तर खालच्या अंगाला तेलंगण-छत्तीसगडकडचे खडक अब्जावधी वर्षांचे. दोन्हींतल्या निओडिमियम नावाच्या मूलद्रव्याची खूण वेगळी असते, त्यामुळं समुद्रतळावरची माती वरच्या खोऱ्यातली की खालच्या, हे सांगता येतं. निष्कर्ष असा की पावसाळा अशक्त होत गेला तशी धूप वाढली, आणि पुढं दख्खनवर शेती आली, लोखंडाच्या काळात ती पसरली, तेव्हा आणखी वाढली. पाऊस कमी आणि धूप जास्त, हे आमच्या विषयातल्या पोरांना आधी उलटं वाटतं. तुम्हाला वाटणार नाही. उघड्या रानावर मृगाचा एकच झोडपा काय करतो हे तुम्ही बांधावर उभं राहून पाहिलंय.

मातीवाल्याची किंमत विचारलीत म्हणून एक गोष्ट. आमच्याकडं असाच एक दंडगोल उभा चिरून टेबलावर ठेवला होता. चिरला की आधी कुजक्या अंड्याचा वास येतो, नवखी माणसं मागं सरतात. खालचा भाग राखाडी-हिरवट होता, वर येता-येता काळपट. मी वरचा चिमूटभर घेऊन दोन बोटांत पाणी लावून मळला. घट्ट, चिवट, तार निघावी असा. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैल करायला आणतो ना, तीच माती. क्ष-किरणांच्या यंत्रानं दोन दिवसांनी सांगितलं, स्मेक्टाइट. तुमच्या पुस्तकातली फुगणारी माती. पण यंत्राचा आलेख हातात आल्यावर ती फुगते कशी, पोटॅश कुठं धरते, नत्र-कार्बन कशाला चिकटून जातो, हे विचारायला आमच्या खोलीत कुणी नव्हतं. रसायनवाला भूगर्भवाल्याकडं बघायचा, भूगर्भवाला खिडकीकडं.

मिळून काम करतात का? करतात, पण आधी भांडतात. बहुतेक भांडणं शब्दांवरून. तुमच्याकडं 'क्ले' म्हणजे दोन मायक्रॉनपेक्षा बारीक कण, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आमच्या गाळशास्त्रात ती रेघ चार मायक्रॉनच्या जवळ आहे. दोघांनी एकाच नमुन्यातली 'क्ले' मोजली, दोघांचे आकडे वेगळे, आणि तीन आठवडे दोघंही समोरच्याचं यंत्र बिघडलंय म्हणत होते. कार्बन-कालमापनवाले 'आजपासून इतकी वर्षं' लिहितात तेव्हा त्यांचा 'आज' म्हणजे १९५० साल असतो, पुरातत्त्ववाले इसवी सन पूर्व लिहितात, आणि तक्ता करणारं पोरगं दोन्ही एकाच रकान्यात टाकतं. यापेक्षा मोठा घोळ माझ्या पहिल्या सफरीत झाला. मी पाण्याच्या नमुन्यांची वेळ घड्याळातली लिहिली, भारतीय. जहाजाच्या यंत्रांची नोंद ग्रीनिचची. जीवशास्त्रवाल्या बाई जाळं टाकून प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, गोळा करायच्या, त्यांनी कधी ही वेळ लिहिली, कधी ती. किनाऱ्यावर आल्यावर साडेपाच तासांचा फरक लक्षात यायला महिना गेला. तोवर आम्ही दुपारच्या पाण्यात रात्रीचे जीव का सापडले यावर दोन बैठका घेतल्या होत्या आणि एकानं तर त्यावर सिद्धांतही मांडला होता. प्लवक रात्री वर येतात आणि दिवसा खाली जातात हे शाळकरी ज्ञान. पण चुकीचा आकडा टाइप करून, कागदावर छापून समोर आला की माणूस आधी निसर्गावर संशय घेतो, स्वतःच्या वहीवर नाही.

कोरडवाहू दादा, तुमचं घागरीचं दुःख खरं आहे, त्यावर वाद घालत नाही. पण 'गेली ती गेली' एवढं सोपं नाही. माती हजारो वर्षं वाहत राहिली तिच्यावर गोदावरीचा त्रिभुज प्रदेश उभा राहिला. मग आपण धरणं बांधली. पैठणचं नाथसागर १९७६ चं, खाली तेलंगणात पोचमपाड, आणखी कितीतरी. पाणी अडलं तशी मातीही अडली. १९७० च्या दशकात नदी जेवढा गाळ समुद्रात नेत होती, त्याच्या निम्म्याहूनही कमी १९९० च्या दशकात उरला. मुखाशी किनारा झिजायलाय. काकिनाड्याजवळ उप्पाडा गावात लाट घराला लागते. तिथंच कोरिंगाचं कांदळवन आहे, देशातल्या मोठ्या कांदळवनांपैकी एक, त्यात मासेमार मांजर राहते. कांदळाची मुळं चिखल मागतात. म्हणजे तुमच्या तलावात जो गाळ नकोसा झालाय, तोच तिथं हवासा आहे. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' मध्ये ट्रॉलीनं शेतात टाकलेली माती मला बरोबरच वाटते, ती मुळात शेताचीच. पण वरचं खोरं बघणारा पाटबंधारेवाला आणि खालचं कांदळवन बघणारा वनवाला यांची आयुष्यात भेट होत नाही. अशा प्रकल्पात निदान एका टेबलावर चहा तरी होतो.

राहिली आई. त्यांना सांगा, नागपुरात जन्मलेल्या अदिती पंत गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत होत्या, आणि १९८३ साली त्या अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर गेल्या. सुदीप्ता सेनगुप्ता या भूगर्भशास्त्रज्ञ बरोबर होत्या. भारताच्या अंटार्क्टिका मोहिमेवर गेलेल्या पहिल्या दोन स्त्रिया, एक समुद्रवाली आणि एक दगडवाली. आता जहाजावर मुली असणं यात काही नवल राहिलं नाही. त्यांच्या केबिन वेगळ्या असतात. पोहायला लागत नाही, जीवरक्षक जाकीट घालायची कवायत पहिल्याच दिवशी करून घेतात. उलटी मात्र होईल. मला तीन दिवस झाली, चौथ्या दिवशी भात-वरण खाल्लं ते पंचपक्वान्न वाटलं. आणि जहाजावर वर्षातून फार तर महिनाभर, बाकी अकरा महिने चाळण्या, ओव्हन आणि संगणक.


नांदेड_ते_सिकंदराबाद

गाळवाला दादांनी बहुतेक सांगितलंच. मी संख्याशास्त्रवाला, नांदेडचा, त्या जाहिरातीतला दुसरा 'चुकून छापलेला' विषय.

समुद्राची माहिती गोळा करणारी देशातली मोठी संस्था, इन्कॉइस, हैदराबादेत आहे. बंदर नाही, लाट नाही, बाजूला प्रगतीनगर. मी तिथं नोकरीला नाही, पण त्यांची आणि जगाची माहिती वापरून पोट भरतो. घरचे विचारतात समुद्राचं काम आणि हैदराबादेत कसं? मी म्हणतो, आपले आजोबा निजामाच्या वेळेला कचेरीच्या कामाला हैदराबादलाच जायचे, मी समुद्राच्या कचेरीला जातो.

आर्गो नावाचे तरंगते नळकांडे असतात, माणसाच्या उंचीएवढे. जगभरात जवळपास चार हजार. हजार मीटर खोलीवर वाहत राहतात, दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारतात आणि वर येता-येता तापमान व क्षार मोजून उपग्रहाला सांगतात. ही माहिती सगळ्यांना फुकट. नांदेडच्या वजिराबादेत बसून मी बंगालच्या उपसागराचं पोट बघू शकतो, आणि लाइट असेल तर बघतोही.

कोरडवाहू भाऊ, तुमच्यासाठी मुद्दाम लिहितो. आपल्याकडं चांगला पाऊस कधी होतो? बातम्यांत "बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा" आला की. त्या उपसागरात एवढ्या नद्यांचं गोडं पाणी येतं की ते खाऱ्या पाण्यावर हलक्या थरासारखं पसरतं, दुधावर साय असते तसं. ही साय खालच्या गार पाण्यात सहज मिसळत नाही, उन्हानं वरच्या वर तापते, आणि तापलेल्या पाण्यावरून ढग उठतात. ह्यात आपल्या गोदावरीचंही पाणी आहे. पाऊस तिकडून इकडं, नदी इकडून तिकडं. हे कोडं एका विषयाचं नाही म्हणून २०१६ च्या जून-जुलैत 'सिंधु साधना' जहाजावर बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि इंग्लंडचं ईस्ट अँग्लिया विद्यापीठ यांनी मिळून मोहीम काढली होती. पाण्याखाली आपोआप फिरणारे ग्लायडर सोडले होते. हवामानवाले, समुद्रभौतिकीवाले, यंत्रवाले सगळे त्यात होते.

एक सावधगिरी. मिळून काम म्हणजे हेतूही एकच असतो असं समजू नका. उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि हिरवेपणा बघून मासे कुठं सापडतील याचा सल्ला मच्छीमारांना रोज दिला जातो. डिझेल वाचतं, आमच्यासारखे खूश. पण मासेजीवशास्त्र शिकलेला माझा मित्र म्हणतो, मासा लवकर सापडला म्हणजे लवकर संपणारही. आम्ही दोघं एकाच नकाशाकडं बघत असतो. त्याचं म्हणणं मला अजून खोडता आलेलं नाही.


लातूरची_लेक_गुहागरची_सून

मृदाताई, तू जा. मी तुझ्यापेक्षा उलट्या दिशेनं आले. लातूरहून लग्न होऊन कोकणात, प्राथमिक शाळेत शिक्षिका. पहिल्या पावसाळ्यात छपरावर इतकं पाणी वाजलं की मी रडले. सासूबाईंना वाटलं माहेरची आठवण आली. मला वाटत होतं एवढं पाणी वाया चाललंय.

विज्ञान मी काही शिकलेली नाही, पण एक घडलेलं सांगते. आमच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. गावातले कासवमित्र पहाटे कंदील-बॅटरी घेऊन फिरतात, वाळूत ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग दिसला की घरटं शोधून अंडी कुंपणाच्या आत हलवतात. २७ जानेवारी २०२५ ला एक मादी आली तिच्या पंखाला धातूचा बिल्ला होता, क्रमांक ०३२३३. चौकशी झाली तेव्हा कळलं, हा बिल्ला २०२१ मध्ये ओडिशात प्राणी सर्वेक्षणवाल्यांनी लावलेला. म्हणजे पूर्व किनाऱ्यावरची कासवीण अख्ख्या देशाला वळसा घालून आमच्या दारात आली! तोवर सगळे समजत होते तिकडची कासवं तिकडं, इकडची इकडं.

सांगायचं हे की ओडिशात बिल्ला लावणारा कुणी एक, इथं तो अंधारात वाचणारा दुसरा. आमच्या कासवमित्राचं शिक्षण सातवी. बिल्ल्यावरचा आकडा त्यानं तळहातावर पेननं लिहून घेतला असता आणि घाम आला असता तर संपलं होतं. त्यानं फोटो काढला. देहरादूनच्या वन्यजीव संस्थेची माणसं पूर्वी इथं कासवांवर उपग्रहाचे यंत्र बसवायला आली होती, तेव्हा सगळ्यात जास्त प्रश्न त्यांनी ह्याच माणसांना विचारले. वाळू कुठं तापते, भरती कुठवर येते, कोल्हा कोणत्या बाजूनं येतो. वाळू जास्त तापली तर माद्याच जास्त जन्मतात म्हणे, त्यामुळं सावली कुठं करायची हाही अभ्यासच.

तुझ्या जाहिरातीत विषयांच्या यादीत मच्छीमार नसेल. तिथं गेलीस की आधी त्यांच्याशी बोल. जाळ्यात कासव अडकलं तर जाळं कापून सोडायचं आणि नुकसानीचे पैसे सरकारकडून घ्यायचे, अशी योजना आपल्या राज्यात २०१८ पासून आहे, जास्तीत जास्त पंचवीस हजार रुपये. कागदावर ती जीवशास्त्र आहे, पण जाळं शिवायला किती दिवस जातात आणि त्या दिवसांत घरात काय शिजतं हे माहीत असल्याशिवाय ती चालत नाही.

आणि हो, एस.टी.च्या उलटीवर आलेपाक. बोटीवर चालतो का ते गाळवाला भाऊजींनी सांगावं.


गोदाकाठची_मृदा

सगळ्यांचे आभार. रात्री हे सगळं अण्णांना मोठ्यानं वाचून दाखवलं. बैलाच्या मातीपर्यंत आल्यावर त्यांनी परत वाच म्हणून सांगितलं. आई अदिती पंतांवर अडकली, त्यांचं लग्न झालं होतं का हे विचारायलीय.

मामांनाही पाठवलंय. त्यांचं उत्तर आलं: "क्ले दोनच मायक्रॉन. ते चुकीचे आहेत."

कोरडवाहू दादा, राग नाही. तुम्ही म्हणता ते मलाही टोचतंय.

अर्ज काल भरला. त्यांचा लगेच मेल आला की मुलाखतीला येणाऱ्यांपैकी कुणी वरच्या खोऱ्यातलं असेल तर घरच्या शेतातल्या मातीचा नमुना सोबत आणावा, तुलनेला लागतो. मी प्रबंधाच्या वेळी खुरप्यानं व्ही आकाराचा खड्डा करून, कापडी पिशवीत घेत होते. इथंही तसंच का?


गाळवाला

आलेपाक चालतो, पण तो खायची इच्छा राहत नाही हीच अडचण.

नमुना: खुरपं नको. धातूवाले बोंबलतील, लोखंड आणि क्रोमियम लागतं म्हणून. लाकडी उलथनं किंवा जाड प्लास्टिकची पट्टी घ्या आणि माती स्वच्छ प्लास्टिक पिशवीत भरा. आता पानांच्या मेणावर काम करणारे असतील तर ते प्लास्टिक बघून बोंबलतील, कारण त्यातलं तेलकट नमुन्यात उतरतं. त्यांना धातू चालतो, प्लास्टिक नाही. म्हणून त्याच खड्ड्यातून दुसरा नमुना ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये. कापडी पिशवी दोघांनाही नको, तंतू निघतात.

म्हणजे एका खड्ड्यातून दोन पुड्या, त्यावर दोन चिठ्ठ्या. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहा. जागा अशी निवडा जिथं गेल्या दोन-तीन वर्षांत खत पडलेलं नाही, बांधालगत चालेल. वरची दोन बोटं बाजूला सारून खालची घ्या. वर तूर आहे, ज्वारी आहे की ऊस, ते चिठ्ठीवर लिहाच, मेणवाल्याला तेच आधी लागतं. आणि वेळ लिहिताना शेजारी 'भारतीय' असं लिहा.


गोदाकाठची_मृदा

बांधालगत तूर आहे. पण अण्णा म्हणतात तिथली नको, ती पलीकडच्या रानातून वाहून आलेली आहे, आपली नाही. आपली खरी माती बघायची तर विहिरीजवळची घे म्हणतायत. तिथं ज्वारी होती. तीच घेते. फॉइल मात्र गंगाखेडातून आणावा लागेल, उद्या बाजार आहे.